हार्ड लेव्हलला जाण्याआधी तिजोरी रिकामी ठेवायला शिका

रिअल-टाइम स्ट्रॅटेजी म्हणजे सामान गोळा करत, बेस उभारत आणि सैन्य लढवत खेळायचे कॉम्प्युटर गेम. त्यांच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे मिशनांच्या मालिकेत, नवीन उतरलेली पोरं हटकून विचारतात, सुरुवात अवघडपणाच्या कोणत्या लेव्हलवर करू? नागपुरातल्या सदर भागातल्या कॅफेत विचारा नाहीतर होस्टेलच्या रूमवर, एखादा सिनियर लगेच म्हणतो, "ईझीवर काय खेळून राहिला बे, सरळ हार्ड लाव." हा सल्ला ऐकू नका. पण ईझीवरच मुक्काम ठोकलात तर पुढे जास्त रडाल, हेही आत्ताच सांगतो.

लेव्हलच्या नावावर भरवसा ठेवू नका. 1998 च्या स्टारक्राफ्टच्या कॅम्पेनमध्ये लेव्हल निवडायची सोयच नव्हती. मिशनं पुढे सरकत तसं अवघड होत जायचं आणि सगळ्यांना तेच खेळावं लागायचं. 2010 च्या विंग्स ऑफ लिबर्टीत कॅज्युअल, नॉर्मल, हार्ड आणि ब्रूटल अशा चार पायऱ्या आल्या आणि प्रत्येक मिशनआधी लेव्हल बदलता यायला लागली. एज ऑफ एम्पायर्स टूच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये कॅम्पेनच्या नावाशी तलवारी काढलेल्या असतात. तो त्या कॅम्पेनचा मूळ अवघडपणा. स्टँडर्ड, मॉडरेट, हार्ड ही तुम्ही निवडायची लेव्हल वेगळी. तीन तलवारींचं कॅम्पेन स्टँडर्डवरही एका तलवारीच्या हार्डपेक्षा जड जाऊ शकतं. नवीन माणूस इथेच गोंधळतो आणि आपल्याला जमतच नाही असं धरून बसतो.

लेव्हल वाढली की बहुतेक वेळा शत्रूची अक्कल फारशी वाढत नाही. तो लवकर येतो, जास्त माणसं घेऊन येतो, त्याचे अपग्रेड आधी झालेले असतात, आणि कधीकधी तुमच्या हातातलं सुरुवातीचं सामान कमी होतं. म्हणजे कमी होतो तो तुमचा वेळ. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सापळा यावरच उभा आहे.

त्या सापळ्याने मला फार छळलं, म्हणून त्यावर जरा जास्तच बोलणार आहे. ईझीवर शत्रू थांबतो. तुम्ही सावकाश भिंत बांधता, शेतं लावता, वर कोपऱ्यात सोन्याचा आकडा चढत जातो. हजार, दोन हजार. बरं वाटतं. मग एकदम मोठं सैन्य काढून नकाशा साफ करता आणि मिशन जिंकता. डोक्यात पक्कं बसतं की आकडा मोठा म्हणजे आपलं छान चाललंय. प्रत्यक्षात तो आकडा म्हणजे वेळेवर न केलेला खर्च असतो. हार्डवर तोच खेळ केला की तिजोरीत दोन हजार सोनं असताना बेस जळतो, आणि आपण दोष देतो लढाईला. "माझे तिरंदाज चुकीचे होते," "घोडे आधी काढायला हवे होते." मग महिनोन्महिने लढाईचा सराव चालतो. दुखणं मात्र बेसमध्येच असतं.

हिशोब करून बघा. एज टूमध्ये एक व्हिलेजर, म्हणजे अन्न, लाकूड, सोनं गोळा करणारा कामकरी, 50 अन्नात आणि 25 सेकंदांत तयार होतो. तुम्ही लढाई बघत बसलात आणि टाउन सेंटर (व्हिलेजर तयार करणारी मुख्य इमारत) अडीच मिनिटं रिकामं राहिलं, तर 6 व्हिलेजर गेले. एक व्हिलेजर मिनिटाला साधारण 20 रिसोर्स आणतो असं धरलं, तर पुढच्या दहा मिनिटांत 1,200 रिसोर्स आलेच नाहीत. एका नाइटला, म्हणजे घोडेस्वार सैनिकाला, 60 अन्न आणि 75 सोनं लागतं. म्हणजे आठ नाइट, जे हल्ला आला तेव्हा दारात उभे असायला हवे होते. हे सगळं अडीच मिनिटांच्या दुर्लक्षातून.

यावर सिनियर लोक उपाय सांगतात, "एकदम लाइन लावून टाक." तोही खड्डाच आहे. दहा व्हिलेजर एकदम रांगेत लावले की 500 अन्न तिथेच कापलं जातं, आणि फ्युडल एज या पुढच्या युगात जायला नेमकं 500 अन्नच लागतं. तयार होत असतो एकच, बाकी नऊ जणांचे पैसे अडकून पडतात. रांगेत दोन ठेवा, फार तर तीन, आणि हॉटकीने (कीबोर्डच्या ठरावीक बटणाने) परत परत टाउन सेंटरवर या. सैन्य लढत असलं तरी या. घरांवरही नजर हवी. एका घरात पाचच माणसांची सोय होते, जागा संपली की रांग मुकाट्याने थांबते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण हीच सवय डोळे मिटून दुसऱ्या गेममध्ये नेऊ नका. वॉरक्राफ्ट थ्रीच्या फ्रोझन थ्रोनमध्ये तुमची एकूण माणसं 50 फूडच्या (हे तिथलं लोकसंख्येचं माप) वर गेली की खाणीतल्या दर 10 सोन्यामागे तुम्हाला 7 मिळतात, 80 च्या वर 4. तिथे थोडं थांबणंही शहाणपणाचं ठरतं.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. स्टारक्राफ्टमध्ये 'शो मी द मनी' हा चीट कोड टाइप केला की 10,000 मिनरल्स आणि तेवढाच गॅस, म्हणजे तिथलं खर्चायचं सामान, फुकटात मिळतं. एकदा गंमत म्हणून करा, पण त्यावर मिशन काढू नका. नेमकी जी गोष्ट शिकायची, तीच तो कोड काढून घेतो. प्रत्येक चकमकीआधी क्विकसेव्ह करणंही तसंच. दहाव्या मिनिटाला एक सेव्ह ठेवा आणि तिथून पुन्हा खेळून आकडे ताडून बघा, हा मात्र अभ्यास आहे. स्पर्धेतल्या खेळाडूंचे बिल्ड ऑर्डर (काय कोणत्या क्रमाने बांधायचं याच्या याद्या) पाठ करण्यात सुरुवातीला वेळ घालवू नका. कॅम्पेनचं मिशन त्या मांडणीने सुरूच होत नाही.

गुरू निवडताना एवढंच बघा की तो तुमच्या स्क्रीनवर कुठे बघतो. लढाईकडे बघून ओरडणारा काही कामाचा नाही. "तुझं टाउन सेंटर काहून रिकामं आहे?" असं विचारणारा भेटला तर त्याला चहा पाजा, हातचा सोडू नका. बहुतेकदा तो तुमच्यापेक्षा एकच पायरी पुढे असतो, म्हणून त्याला सगळं ताजं आठवत असतं.

आपल्या नागपूरकरांसाठी एक वेगळी सूचना. मे महिन्यात डेझर्ट कूलर फुल्लवर असला की हल्ल्याचा भोंगा ऐकूच येत नाही. हेडफोन लावा. लॅपटॉप तापला की मोठ्या लढाईत गेम अडखळतो, तेव्हा अवघड मिशन दुपारी न घेता रात्री घ्या. हरण्यामागे कधीकधी खरंच एवढंच कारण असतं.

आणि लेव्हल खाली आणायची लाज बाळगू नका. वॉरक्राफ्ट थ्रीमध्ये मिशन हरलात की गेम स्वतःच लेव्हल कमी करायचा पर्याय पुढे करतो. बनवणाऱ्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. सलग हरत असाल, झोप उडाली असेल, तर एक पायरी उतरा, मिशन संपवा, पुढे चला. बहुतेकांचं असंच होतं.

वर कधी चढायचं? एज टूमधल्या जोन ऑफ आर्क कॅम्पेनचं पहिलं मिशन जिंकून लगेच हार्डवर उडी मारू नका. त्यात बेसच नाही, फक्त तुकडी घेऊन शिनों या गावी पोहोचायचं असतं. दुसऱ्या मिशनमध्ये ऑर्लेआँ शहर हाती येतं, तिथे स्वतःला तपासा. स्टारक्राफ्ट टूच्या विंग्स ऑफ लिबर्टीमधलं झीरो अवर हे मिशनही चांगलं आहे, 20 मिनिटं तग धरायचा असतो आणि विंग्स ऑफ लिबर्टी 2017 पासून फुकट आहे. नॉर्मलवर खेळा आणि दर काही मिनिटांनी मिनरल्सचा आकडा कागदावर लिहा. शेवटपर्यंत तो चारशे-पाचशेच्या आत राहिला, तर पुढचं मिशन हार्डवर लावा.