रबारी भरतकाम: आरसे गळतात ते इथे चुकल्यामुळे

रबारी म्हणजे कच्छमधला पशुपालक समाज; त्यांच्या भरतकामात कापडावर छोटे आरसे टाक्यांनी बसवतात. तसं मी भरलेल्या पहिल्या अभ्र्याचे चार आरसे पहिल्याच धुण्यात निघाले. दुकानदाराने कच्चा दोरा दिला म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडली. नंतर कळलं, दोरा चांगला होता, टाके माझेच चुकले होते.

आरसा धरायला आधी दोन आडवे, दोन उभे टाके घालतात. आरसा भरपूर दिसावा म्हणून आपण ते काठाजवळ घालतो, आणि तिथेच फसतो. पुढे भोवतीने काज टाका घालताना प्रत्येक टाका ही चौकट बाहेर ओढतो. काठाजवळचा दोरा मग घसरतोच. चौकट आत, मध्याच्या जवळ घाला. आरसा झाकला गेल्यासारखा वाटेल, वाटू दे; ओढ बसली की चौकटीतून दिसणारी आरशाची खिडकी आपोआप मोठी होते. सुईच्या टोकाने आरसा ढकलून बघा. हलला तर तेव्हाच उसवा, कारण काज टाक्याने सैल चौकट सुधारत नाही. रबारी बायका गोल आरशांबरोबर त्रिकोणी, चौकोनी, बदामी आरसेही लावतात. त्रिकोणाला चार टाक्यांची चौकट पुरत नाही, प्रत्येक कोपरा वेगळा बांधावा लागतो. काच धारदार असेल तर काठ ओल्या पॉलिश पेपरवर घासून घ्या, नाहीतर दोरा आतून कापला जातो. डिंकाच्या भरवशावर राहू नका.

दुसरी चूक क्रमाची. आधी आरसे टाकून मग मोकळी जागा भरायची, असं काम रबारी दिसत नाही. कच्छमध्ये आधी साखळी टाक्याने आकृतीची रेघ उठते, मग आरसे, मग बारीक टाके. त्यातही टाके आणि रंग ठरावीक क्रमाने बदलत जातात. विंचू, पोपट, देऊळ ओळखू येतात ते त्या रेघेमुळे.

तिसरी चूक चौकोनी साखळी टाक्यातली. ही साखळी शिडीसारखी दिसायला हवी. सुई निघाली त्याच भोकात परत घातली की नेहमीची साखळी होते. म्हणून सुई थोडी बाजूला घाला आणि पुढची पायरी होईपर्यंत फास सैल ठेवा. शेवटच्या फासाचे दोन्ही कोपरे वेगवेगळे टाचा. एकाच टाक्यात उरकलं तर शिडी टोकाला चिमटते.

काळ्या कापडावर लाल दोरा खुलतो, पण रंग सोडला तर शेजारचा पांढरा दोरा गुलाबी होतो. दोरा आधी पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घालून.

विकत घेताना नमुना उलटा करा. मागे सगळीकडे एकाच रंगाचा सलग दोरा धावत असेल तर ते बहुधा मशीनचं काम. आणि ‘सगळ्या रबारी बायका स्वतःसाठी अजून असंच भरतात’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. हुंड्यासाठी भरलेल्या कपड्यांची मागणी इतकी वाढली, की ढेबरिया रबारींनी (रबारींचीच एक पोटशाखा) 1995 मध्ये स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करण्यावर बंदी घातली. त्यानंतर तयार लेस आणि फिती जोडून त्यांनी वेगळीच सजावट काढली, तिचं नाव ‘हरी जरी’. मला तीही आवडते.