खंडेनवमीआधी कोयतीची मूठ

पावसाळाभर कोयती आकडीत अडकवलेली असते, नाहीतर पडवीत दाराआड उभी. भाद्रपद सरत आला की तिची मूठ हातात घ्यावीशी वाटत नाही. वर बुरशीची पांढरट साय, खाली घामाचा आणि चिकाचा काळा थर, शेंबीपाशी, म्हणजे मुठीच्या तोंडावरच्या लोखंडी कड्यापाशी, गंज. अशी कोयती खंडेनवमीला पाटावर मांडायची नसेल, तर पितृपंधरवड्यातच कामाला लागावं. पक्षात नवं काही करू नये म्हणतात, पण ही जुन्याची डागडुजी आहे, पितरांनाही चालून जाईल. शिवाय त्यातली बरीचशी आयुधं त्यांचीच. एवढं आधी सुरू करायचं कारण तेल. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि दमट दिवसांत त्याला फार वेळ लागतो. तीन हात द्यायचे आणि शेवटच्या हातानंतर आठवडाभर मूठ टांगून ठेवायची, असा उलटा हिशोब मांडला की तारीख आपोआप मागे सरकते.

पहिली गोष्ट लागते ती सायकलची जुनी ट्यूब. तिची लांब पट्टी कापून पात्यावर धारेपासून पाठीपर्यंत घट्ट गुंडाळा. घासताना जोर मुठीवर असतो, लक्ष मुठीवर असतं, आणि कोयती आपलं काम विसरत नाही. ट्यूबखाली खोबरेल तेलाचा पुसटसा हात द्या, म्हणजे पात्याला ओल धरणार नाही.

मग सामान काढण्याआधी मूठ तपासायची. पातं धरून मूठ हलवून पाहा, नंतर बोटाच्या पेरानं ठोकून ऐका. नीट बसलेली असेल तर भरीव आवाज येतो, सैल असेल तर खुळखुळ जाणवते. सैल मुठीला पॉलिश करणं म्हणजे पडक्या भिंतीला चुना फासणं. झावळी तोडताना पातं निसटलं तर कुठे जाईल याचा भरवसा नाही. रेषांना आडवी गेलेली चीर दिसली, किंवा बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळत असला, तर मूठ बदला आणि ते काम सुताराकडे किंवा लोहाराकडे द्या. सैल मूठ रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची युक्ती मीही केली आहे. सकाळी इतकी घट्ट बसली की मला स्वतःचाच अभिमान वाटला. सुकल्यावर आधीपेक्षा जास्त हलायला लागली, कारण फुगलेलं लाकूड लोखंडावर दाबलं जाऊन कायमचं चेपतं.

मूठ पक्की असेल तर तिला चारपाच दिवस घरात, वारा लागेल अशा जागी सुकू द्या. चुलीवरची फळी असेल तर उत्तमच. उन्हात मात्र ठेवू नका. चार महिने ओल प्यायलेलं लाकूड एका दुपारी तापवलं की तडकतं.

आता घासायचं साहित्य. लाकडासाठी पॉलिश पेपर १२०, २२० आणि ३२० नंबरचे, प्रत्येकी एक ताव पुरे. ८० नंबर फार खरखरीत, तो घेऊ नका. तो हाताशी असला की माणसाला खुमखुमी येते. तुटलेल्या खिडकीच्या काचेचा सरळ कडेचा तुकडा असला तर जुना थर खरवडायला त्याच्यासारखं काही नाही, फक्त धरायच्या बाजूला चिकटपट्टी लावा. बाजारातून आणलेल्या कोयतीची मूठ रंगवलेली असेल तर जरा सावध राहा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. पाण्याचा फवारा मारत खरवडा, तोंडाला मास्क लावा आणि मुलांना लांब पाठवा.

आणि एक पेन्सिल. यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. मूठ नेहमीसारखी पकडा आणि अंगठा जिथे टेकतो, करंगळी जिथे वळते, तिथे पुसट खुणा करा. तिथला खोलगटपणा वर्षानुवर्षांच्या पकडीनं आलेला आहे. तो घासून सपाट केला की कोयती परकी होते. आमच्याकडची खैराची मूठ आजोबांच्या हाताची आहे. माझा अंगठा त्यांच्या खाचेत बसत नाही, जरा पुढे पडतो, तरी तिथे मी पेपर लावत नाही. ओल्या फडक्यानं पुसतो, एवढंच. घासायचं ते खुणांच्या बाहेर आणि रेषांच्या दिशेनं.

शेंबीभोवतीचे काळे डाग घासून जाणार नाहीत, हेही आधीच मान्य करून टाका. खैर म्हणजे काथाचं झाड. त्याच्या लाकडातला तुरट अंश ओल्या लोखंडाला भेटला की काळी शाई तयार होते आणि आत मुरते. अर्धं लिंबू चोळून पाच मिनिटांत ओल्या फडक्यानं पुसलं तर डाग फिका पडतो. आंबट लोखंडाला लागू देऊ नका, नाहीतर नवा गंज. मी ते डाग राहू देतो, मला ते आवडतात.

तेलाच्या बाबतीत माझी मतं ठाम आहेत. खोबरेल नको, ते वाळतच नाही. मूठ ओशट राहते आणि पुन्हा धूळ धरते. चकचकीत वार्निश तर मुळीच नको. एका वर्षी मी हौसेनं ते लावलं, कोयती दुकानातल्यासारखी दिसली, आणि दहाव्या शहाळ्याला घामेजल्या हातातून सटकून माझ्या चपलेशेजारी मातीत रुतली. काजूच्या टरफलांचं तेल वाळवीपासून लाकूड राखतं हे खरं, पण ते वाशांना आणि होड्यांना. हाताला लागलं तर फोड येतात. घ्या ते जवसाचंच. घाण्याचं कच्चं तेल वाळायला आठवडा घेऊ शकतं, हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ साधारण एका दिवसात हाताला कोरडं लागतं. त्यात वाळवणारे धातूंचे क्षार असतात, म्हणून बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका. पहिल्या हातासाठी निम्मं टर्पेंटाइन लागेल; खैर इतका घट्ट असतो की दाट तेल वरच बसून राहतं. शेवटी चोळायला थोडं मेण, एका भागाला चार भाग तेल, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवलेलं. हे बनवायला जळत्या चुलीवर थेट भांडं ठेवू नका.

सुती फडकी चार तरी हवीत. जुनं धोतर किंवा बनियन चालेल, टेरिकॉट तेल पीत नाही. तेल लावून पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढायचं. न पुसलेलं तेल चिकट साय धरतं आणि मग पुन्हा काच शोधावी लागते. शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा. ती मुठीसाठी नाही, फडक्यांसाठी. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगाळून कोपऱ्यात टाकलेलं फडकं काडी न लावता पेट घेऊ शकतं. काम झालं की फडकी पाण्यात बुडवा, नाहीतर अंगणात दोरीवर एकेक पसरा.

टांगायला पडवीच्या वाशाला सुतळी बांधून ठेवा, पातं खाली येईल अशी, उंदीर आणि पोरं पोहोचणार नाहीत इतकी उंच. पूजेच्या दिवशी हळदकुंकवाचं बोट पात्यावर लावा, मुठीवर नको. ताज्या तेलात हळद उतरली की मुठीवरचा तो पिवळा ठसा पुढच्या दसऱ्यापर्यंत दिसतो.