मरळ माशासाठी मऊ प्लास्टिकचं आमिष घरी ओतताना

अ‍ॅल्युमिनियमचा साचा विकत घ्या, किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कोरून घ्या. त्याच्या नळीचं तोंड तुमच्या इंजेक्टरला (दट्ट्याने गरम प्लास्टिक साच्यात ढकलणाऱ्या पिचकारीला) घट्ट बसलं पाहिजे, ते आधी तपासा.

प्लास्टिसॉल म्हणजे तापवल्यावर मऊ प्लास्टिक होणारा द्रव. त्यातले कण बाटलीत तळाशी बसतात, म्हणून वापरण्याआधी नीट हलवा. 100 मिली उष्णतारोधक काचेच्या कपात घेऊन मायक्रोवेव्हमध्ये तापवा. हा मायक्रोवेव्ह पुन्हा जेवणासाठी वापरायचा नाही. पहिलं मिनिट झालं की ढवळा, मग दर 20-30 सेकंदांनी. आधी ते दह्यासारखं घट्ट होतं, नंतर पातळ आणि पारदर्शक. 175 अंश सेल्सियसच्या आसपास थांबा. पिवळसर पडून उग्र धूर निघाला तर ते करपलं. हा धूर घातक असतो, त्यामुळे काम उघड्यावरच करा. गॉगल, हातमोजे, लांब बाह्या हव्यातच. रंग आणि चमकी तापल्यावर घाला.

सगळ्यात जास्त माल बिघडतो तो दाब लवकर सोडल्यामुळे. थंड होताना प्लास्टिक आकसतं, आणि पाठीवर खड्डा पडतो. साचा भरल्यावर 10-15 सेकंद दट्ट्या हळू दाबून धरा. शेपटी अर्धवट राहिली तर साचा गार आहे. पहिले एक-दोन नग पुन्हा वितळवा, साचा आपोआप तापतो.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात साच्याला दमट हवेचं पाणी सुटतं. गरम प्लास्टिसॉल त्यावर पडलं की उसळतं, आमिषात बुडबुडे राहतात. साचा आधी कोरडा तापवून घ्या.

तयार आमिषं सपाट ठेवून थंड होऊ द्या, वाकडी राहिली तर पाण्यातही वाकडीच पोहतात.