कॉलरवाले चपटे स्क्रू: या चुका टाळा

सरकत्या दाराच्या ट्रॅकमध्ये किंवा पॅनेलच्या झाकणामागे जागा जेमतेम असते, तिथे चपट्या डोक्याचा, डोक्याखाली रुंद कडा म्हणजे कॉलर असलेला स्क्रू कामी येतो. कॉलर डोक्यालाच जोडलेली असल्याने सहसा वेगळा वायसर लागत नाही आणि दाब पातळ पत्र्यावर पसरतो. पण हे रुंद डोके पाहूनच माणूस फसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हा स्क्रू साध्या ॲलन बोल्टइतका (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टइतका) आवळणे. एम6 (6 मिमी जाडीच्या) ॲलन बोल्टचे डोके 6 मिमी उंच असते आणि त्याला 5 मिमीची ॲलन की लागते. आपल्या कॉलरवाल्या स्क्रूचे (बटन हेडचे) डोके मात्र 3.3 मिमी, की 4 मिमीची, आणि खाच इतकी उथळ की झिजलेली की जरा तिरकी लागली तरी खाचेचे कोपरे गोल होतात. आयएसओ 7380 मानकात अशा स्क्रूच्या ताकदीच्या अंकाआधी शून्य लावतात ते याचसाठी: 010.9 म्हणजे पोलाद 10.9 दर्जाचे असले, तरी डोक्याच्या घडणीमुळे भार कमीच धरायचा. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअर बाजारात माल घेताना हे शून्य आपणच लक्षात ठेवावे. जिन्याच्या कठड्याला तर मी हा स्क्रू कधीच लावणार नाही.

दुसरी चूक, म्हणजे वेगळ्या धातूचा स्क्रू पत्र्याचा रंग तडकेपर्यंत आवळणे, मुंबईच्या हवेत लवकर उघडी पडते. आमच्या इमारतीतल्या लोखंडी पत्रपेट्यांना कोणीतरी 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मशीनने गरागरा आवळले होते. कॉलरखालचा रंग तडकला आणि एका पावसाळ्यात प्रत्येक डोक्याभोवती तांबूस कडे उमटले. स्क्रू तसेच चकचकीत, गंजला तो पत्रा. पत्रा ॲल्युमिनियमचा असेल, तर खारट ओलीत तांबूस कड्याऐवजी पांढरी भुकटी दिसते. तिथे नायलॉनचा वायसर घालावा, आणि समुद्रालगत गंजाला जास्त दाद न देणारे 316 दर्जाचे स्टेनलेस घेतलेले बरे. स्टेनलेसच्या स्क्रूवर स्टेनलेसचेच नट असेल, तर आट्यांना अँटी-सीझ (आटे अडकू न देणारे वंगण) लावून हाताने सावकाश फिरवावे, कारण मशीनच्या वेगात आटे एकमेकांना पकडतात आणि मग स्क्रू कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

स्क्रू वारंवार ढिला होत असेल, तर आधी कॉलरखाली पाहावे. जाड पावडर कोटिंग हळूहळू दबते, किंवा भोक पत्र्याच्या वाकाला इतके खेटून असते की एम6 ची 13.6 मिमीची कॉलर वाकावर चढून एका बाजूने अधांतरी राहते. भोकाला काउंटरसिंक मारलेले असेल, म्हणजे त्याचे तोंड उतरते खोलगट केलेले असेल, तर तिथे कॉलरवाला स्क्रू नकोच.