अमेरिकेतील मेडिकल स्कूलच्या वेटलिस्टवर असताना काय कळवावे: तयारीची यादी

अमेरिकेत २०२३ साली एमडी (तिथली डॉक्टर होण्याची मूळ पदवी) अभ्यासक्रमासाठी सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि त्यांपैकी सुमारे २३ हजार जणांना प्रवेश मिळाला. मुलाखत चांगली झाली, नकार आलेला नाही, पण जागाही मिळालेली नाही, अशा अवस्थेत, म्हणजे वेटलिस्टवर (प्रतीक्षायादीत), दरवर्षी वसंत ऋतूत असंख्य अर्जदार अडकतात, आणि त्यांत आपल्या मराठी घरांतील मुलेमुलीही असतात. या काळात ‘काहीतरी पाठवत राहावे’ असे सगळेच सांगतात, मात्र नेमके काय पाठवावे हे क्वचितच कोणी सांगते. माझे मत स्पष्ट आहे: अर्ज भरताना जे घडलेले नव्हते, जे पडताळून पाहता येते आणि ज्यामुळे प्रवेश समितीचा निर्णय किंवा तुमची पात्रता बदलू शकते, तेवढेच कळवावे. उत्साह आणि कृतज्ञता खरी असली तरी तिला पत्रात एका वाक्यापेक्षा जास्त जागा देऊ नये.

सर्वांत आधी वेटलिस्टचे पत्र आणि अर्जदाराचे पोर्टल शब्दशः वाचून काढावे. काही स्कूल पोर्टलवर नवी माहिती आनंदाने स्वीकारतात, काही एकच पानाचे पत्र मागतात, आणि काही कोणतेही अतिरिक्त साहित्य पाठवू नये असे लिहून कळवतात. तसे लिहिलेले असेल तर खरोखरच काही पाठवू नये, कारण सूचना न पाळणारा अर्जदार म्हणून नोंद होण्याइतके नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही. यादीत राहण्यासाठी संमती मागितली असेल, तर ती त्याच दिवशी द्यावी. काही ठिकाणी वेटलिस्ट क्रमवार असते, तर काही ठिकाणी क्रम नसतोच आणि जागा रिकामी झाली की समिती उरलेल्या सर्व अर्जांकडे पुन्हा पाहते. यादी कोणत्या प्रकारची आहे हे पत्रात नसेल, तर प्रवेश कार्यालयाला एक विनयशील ईमेल करून विचारायला हरकत नाही. यादी क्रमवार नसेल तेव्हा नव्या माहितीला विशेष वजन येते.

एक तांत्रिक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ॲमकासचा, म्हणजे अनेक मेडिकल स्कूलसाठी एकत्रित अर्ज घेणाऱ्या सेवेचा, अर्ज एकदा सादर झाला की त्यातील उपक्रम, कामाचे तास किंवा निबंध बदलता येत नाहीत. पत्ता, फोन, ईमेल, शिफारसपत्रे अशा मोजक्याच गोष्टींत बदल करता येतो. मागच्या जूनमध्ये सादर केलेला अर्ज समितीसमोर अजून जूनमधलाच आहे, म्हणून त्यानंतरचे सगळे त्या-त्या स्कूलला स्वतंत्रपणे कळवावे लागते.

आता ज्या गोष्टी कळवणे ऐच्छिक नाही, त्यांची नोंद करून ठेवावी. अर्जानंतर कॉलेजकडून शिस्तभंगाची कारवाई झाली किंवा एखादा फौजदारी गुन्हा दाखल होऊन दोषी ठरवले गेले, तर ॲमकासच्या नियमाप्रमाणे दहा कामकाजाच्या दिवसांत संबंधित स्कूलना कळवावे लागते. अर्जात ‘पुढील सत्रात घेणार’ म्हणून दाखवलेला विषय सोडला किंवा बदलला असेल, विशेषतः तो प्रवेशासाठी आवश्यक असलेला विषय असेल, तर तेही सांगावे आणि तो केव्हा, कुठे पूर्ण करणार हे त्याच पत्रात लिहावे. नवे गुण हाती आले की सुधारित ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) कॉलेजच्या रजिस्ट्रारकडूनच जाईल अशी व्यवस्था करावी.

आपल्या लोकांसाठी यादीतील सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी, बाब व्हिसाची आहे. आईवडील एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) आणि मूल एच-४वर (त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) अशी असंख्य मराठी कुटुंबे अमेरिकेत आहेत, आणि एच-४ वयाच्या एकविसाव्या वर्षी संपतो, म्हणजे बरोबर त्याच काळात, जेव्हा मूल मेडिकल स्कूलच्या प्रवेशाच्या धावपळीत असते. अनेक सरकारी मेडिकल स्कूल केवळ नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांनाच प्रवेश देतात. परदेशी विद्यार्थ्यांना घेणाऱ्या काही खासगी स्कूल एक किंवा अधिक वर्षांचे शुल्क आधीच खात्यात ठेवायला सांगतात. म्हणून वेटलिस्टवर असताना ग्रीनकार्ड हाती आले, तर ती बातमी आधी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न जाता प्रवेश कार्यालयाकडे गेली पाहिजे. अर्जात कोणता दर्जा लिहिला होता, आता कोणता आहे, तो कोणत्या तारखेपासून आहे आणि कागदपत्रे कुठे अपलोड करावीत, एवढे चार ओळींत लिहावे. कार्डाचा फोटो न मागता ईमेलला जोडू नये. उलट बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगावी: एच-४ संपून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागला असेल, तर ते लपवून मिळालेली जागा ऐन नावनोंदणीच्या वेळी हातची जाऊ शकते. राज्याच्या रहिवासाचेही असेच आहे. सरकारी मेडिकल स्कूल आपल्या राज्यातील रहिवाशांना प्राधान्य देतात. वडिलांची बदली न्यू जर्सीहून टेक्ससला झाली असेल, तर कोणत्या राज्याचे रहिवासी म्हणून तुमची गणना होणार, हे ज्या-त्या राज्याच्या नियमानुसार विचारून घ्यावे.

यानंतर येते अपडेटचे पत्र. एक उदाहरण जवळून पाहू. ‘मी अजूनही समाजसेवेत सक्रिय असून रुग्णांविषयीची माझी तळमळ वाढली आहे’ हे वाक्य खरे असले तरी समितीला त्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘जानेवारीपासून दर शनिवारी मी एका मोफत दवाखान्यात मधुमेहाच्या रुग्णांची नोंदणी आणि रक्तदाब मोजण्याचे काम करत आहे, मार्चपासून नव्या स्वयंसेवकांना शिकवण्याची जबाबदारीही माझ्याकडे आहे, हे काम ऑगस्टपर्यंत चालू राहील.’ त्याखाली दवाखान्याच्या समन्वयकाचे नाव आणि ईमेल द्यावा. काम केव्हा सुरू झाले, जबाबदारी काय होती आणि कोणाला विचारून खात्री करता येईल, हे यात आले. शोधनिबंधाबाबतही अवस्था नेमकी लिहावी: ‘पाठवला आहे’, ‘स्वीकारला गेला आहे’ आणि ‘प्रसिद्ध झाला आहे’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि समितीतील प्राध्यापकांना त्यांतला फरक चांगला ठाऊक असतो. स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या आरोग्य शिबिरात एखाद्या आजीला औषधांच्या वेळा मराठीत समजावून सांगितल्या असतील, तर तो अनुभव जरूर लिहावा, पण स्वतःला वैद्यकीय दुभाषी म्हणवून घेऊ नये. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. रुग्णाचे नाव, गाव, दुर्मीळ आजार, म्हणजे ज्यावरून तो ओळखता येईल असे काहीही पत्रात असता कामा नये. १९९६ च्या हिपा कायद्यामुळे रुग्णाची गोपनीयता हा तिथे अत्यंत गंभीर विषय आहे.

भारतातील अनुभवाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे चांगल्या मुलांचे नुकसान होते. सुट्टीत कोल्हापूरला किंवा नाशिकला मामांच्या हॉस्पिटलमध्ये महिनाभर राहून निरीक्षण केले, ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. मात्र तिथे प्रेमापोटी कोणी टाके घालू दिले किंवा सुई टोचू दिली, आणि ते अभिमानाने पत्रात उतरले, तर अमेरिकेतील समिती त्याकडे अपात्र व्यक्तीने केलेले उपचार म्हणूनच पाहील. परदेशातील अशा अनुभवांबद्दल एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत, आणि आपल्या प्रशिक्षणापलीकडचे काम रुग्णावर करू नये हाच त्यांचा गाभा आहे. तेव्हा मामांनी काय दाखवले, ग्रामीण रुग्ण किती उशिरा आणि कोणत्या कारणाने येतो हे कसे कळले, ते लिहावे. हाताने काय केले याची फुशारकी मुळीच नको, आणि तसे काही करण्याची वेळ आली तर तिथेच नम्रपणे नकार द्यावा.

‘जागा मिळाली तर मी नक्की येईन’ असे वचन देणारे पत्र, म्हणजे लेटर ऑफ इंटेंट, फक्त एकाच स्कूलला लिहायचे असते. कायद्याने ते बांधून ठेवत नाही, तरी दोन स्कूलना तेच वचन देणे म्हणजे सरळ खोटे बोलणे होय, आणि ज्या व्यवसायात रुग्ण आपल्या शब्दावर विसंबतो त्यात शिरताना ही सुरुवात मला अजिबात मान्य नाही. बाकीच्या स्कूलना आपली आस्था कायम आहे एवढेच लिहावे; ते खरेही असते आणि पुरेसेही. वचनाच्या पत्रात त्या स्कूलचे कारण त्याच स्कूलला लागू पडणारे असावे. वॉशिंग्टन विद्यापीठाचे मेडिकल स्कूल वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, माँटाना आणि आयडाहो या पाच राज्यांसाठी डॉक्टर घडवते; तिथे लिहिताना ग्रामीण आरोग्यसेवेशी असलेला आपला प्रत्यक्ष संबंध सांगता आला पाहिजे. स्कूलचे नाव बदलून तेच पत्र दुसरीकडे पाठवता येत असेल, तर ते पुन्हा लिहायला घ्यावे.

पत्र अर्जदाराने स्वतः लिहावे आणि फोनही स्वतःच करावा. आईने चौकशीसाठी फोन करणे, किंवा ओळखीच्या डॉक्टरकाकांकडून ‘जरा शब्द टाकून’ घेणे, यांमागची माया मी समजू शकतो, पण प्रवेश कार्यालयात त्याचा अर्थ हा उमेदवार अजून स्वतःच्या पायावर उभा नाही असाच लावला जातो. अपवाद एकच: ज्यांनी अलीकडे तुमचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे अशा व्यक्तीचे नवे शिफारसपत्र, तेही स्कूल स्वीकारत असेल तर.

तारखांपैकी ३० एप्रिल ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. एकापेक्षा जास्त जागा हातात असलेल्यांनी त्या दिवसापर्यंत एकच ठेवून बाकीच्या सोडाव्यात, अशी ॲमकासच्या स्कूलसाठीची पद्धत आहे, त्यामुळे त्यानंतरच्या दिवसांत वेटलिस्ट खऱ्या अर्थाने हलू लागते. अपडेटचे पत्र त्याच्या थोडे आधी पोचलेले असावे. हाती दुसरी जागा असेल तर तिथे ‘प्लॅन टू एन्रोल’ निवडून वेटलिस्टवर राहता येते. ‘कमिट टू एन्रोल’ निवडले की मात्र इतर सगळीकडून, वेटलिस्टवरूनही, नाव काढून घ्यावे लागते, म्हणून हाती असलेल्या स्कूलची त्यासाठीची अंतिम तारीख आधीच पाहून ठेवावी.

पैशांची तयारीही जागा मिळण्याआधीच करावी. एफएएफएसएच्या, म्हणजे सरकारी शैक्षणिक आर्थिक मदतीच्या, अर्जात वेटलिस्टवरील स्कूल जोडून ठेवावे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचे सरकारी कर्ज बंद होत असून व्यावसायिक अभ्यासक्रमांना अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर अशी ठरली आहे, त्यामुळे उरलेली रक्कम कुठून येणार याचे उत्तर घरात बसून आधीच शोधावे.

जून-जुलैत भारतात जायचे असेल, तर त्या आधी प्रवेश कार्यालयाला एक ओळ लिहून कळवावे की अमुक ते अमुक तारखांना या क्रमांकावर आणि या ईमेलवर संपर्क होईल. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे तीन वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेबारा झालेले असतात, आणि वर्ग सुरू होण्याच्या सुमारास आलेल्या जागेला होकार देण्यासाठी मुदत दोन दिवसांइतकी तोकडी असू शकते. अमेरिकेतला क्रमांक बंद ठेवू नये, स्पॅम फोल्डर रोज पाहावे आणि परतीचे तिकीट बदलता येईल असेच काढावे. त्याआधीच दुसरीकडे जायचे नक्की झाले, तर वेटलिस्टवरून नाव काढत असल्याचे दोन ओळींचे पत्र त्याच दिवशी पाठवावे, म्हणजे ती जागा वाट पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी वेळेवर मिळेल. हाती एकही जागा नसेल, तर मे महिन्यात पुढच्या वर्षाचा ॲमकास अर्ज उघडतो. तो भरायला लगेच सुरुवात करावी.