सोलापूरच्या उन्हात घालता येईल असा वाचकांचा झगा

कॅथलिक चर्चच्या मिस्सेत, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेत, बायबलमधले उतारे वाचणारे वाचक, वेदीपाशी मदत करणारे वेदीसेवक किंवा ख्रिस्तप्रसाद वाटणारे सेवक यांच्यासाठी झगे शिवायचे ठरले, की कापड घेण्याआधी फादरांशी बोला. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांनुसार या सामान्य भाविकांना आल्ब, म्हणजे पायघोळ पांढरा झगा, किंवा बिशप परिषदेने मान्य केलेले दुसरे योग्य वस्त्र घालता येते. स्टोल (गळ्यातून सोडलेला लांब पट्टा), कॅझुबल (धर्मगुरूंचा वरचा झगा), डाल्मॅटिक (डीकनचा, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरील सेवकाचा, बाह्यांचा झगा) मात्र दीक्षा मिळालेल्यांचेच.

आपल्याकडे चूक होते ती इथेच. झगा साधा दिसतो म्हणून कुणीतरी खांद्यावर उपरणे सुचवतो. पण 1969 मध्ये व्हॅटिकनकडून भारतासाठी मिळालेल्या 12 सवलतींत धर्मगुरूंना स्टोलच्या जागी अंगवस्त्र, म्हणजे उपरण्यासारखेच वस्त्र, वापरण्याची मुभा आहे, त्यामुळे उपरणे घेतलेला वाचक लांबून फादरच वाटतो. दोन्ही खांद्यांवरून उभे उतरणारे काठ स्टोलसारखे दिसतात, तर डाव्या खांद्यावरून तिरका गेलेला पट्टा डीकनची आठवण देतो. काठ हवाच असेल तर बाहीच्या टोकाला आणि खालच्या घेराला लावा. पूर्व भागातल्या विणकरांकडे बोटभर रुंदीचा सुती काठ मिळाला तर उत्तम. सोनेरी लेस मला अजिबात पटत नाही: त्याच सूचना सांगतात की वस्त्राचे सौंदर्य कापडात आणि बेतात असते, सजावटीच्या भारात नव्हे.

कापड सुतीच घ्या. ईस्टरच्या सुमारास इथे पारा चाळिशीकडे जातो, आणि पॉलिस्टर मेणबत्तीच्या ज्योतीजवळ वितळून अंगाला चिकटते. निवडलेले कापड गडद निळ्या शर्टावर धरून उन्हात पाहा. निळा रंग आरपार दिसला तर जाड पोत घ्या. बेतण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, म्हणजे आटायचे ते आधीच आटेल.

साडेपाच फूट उंचीला 44 इंची पन्ह्याचे सुमारे 4 मीटर लागते. पुढचा आणि मागचा भाग अख्ख्या पन्ह्याचा ठेवून खांद्याशी चुण्या घाला. जानेवारी 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही रीतसर पदे स्त्रियांनाही खुली केली, तेव्हा साडीच्या निऱ्यांवरून सहज पडेल एवढा घेर हवाच. गळा उंच आणि बंद ठेवला की शर्टाची कॉलर किंवा पदर झाकला जातो, वेगळे गळवस्त्र लागत नाही. बाही मनगटापर्यंत, पण ढगळ नको, पान उलटताना ती वाचनग्रंथावर लोळते. खाली 3 इंच दुमड सोडा. पोरे वाढली की उसवता येते.

रंगांची चिंता नको. उपासनाकाळाचे रंग फादरांच्या वस्त्रांवर बदलतात, झगा वर्षभर पांढराच.

गणवेश शिवणारे कारागीर सोलापुरात भरपूर आहेत, पण सगळे झगे एकदम टाकू नका. आधी मांजरपाटाचा एकच नमुना शिवून घ्या आणि तो घालून चर्चमध्ये गुडघे टेका, वेदीच्या पायऱ्या चढा, वाचनपीठाशी उभे राहा. पायात अडकला तर लांबी दोन बोटे कमी करून मगच बाकीचे कापड कात्रीखाली द्या.