चेर्नोबिल जिल्ह्याबद्दल लिहिताना या चुका टाळा

चेर्नोबिल नावाचा जिल्हा आज युक्रेनच्या नकाशावर नाही. १९२३ मध्ये तो तयार झाला, १९८८ मध्ये मोडला आणि शेजारच्या इव्हान्किव जिल्ह्यात घातला गेला. २०२० मध्ये इव्हान्किव जिल्हाही गेला आणि तो सगळा मुलूख विशहोरोद जिल्ह्याखाली आला. म्हणजे एकाच गावाचा पत्ता, गाव जागचं न हलता, शतकाच्या आत दोनदा बदलला. या भागाबद्दलच्या बहुतेक चुका तारीख न बघता जिल्हा लिहिल्यामुळे होतात.

शहर, प्रकल्प आणि जिल्हा यांची सरमिसळ

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. चेर्नोबिल हे जुनं गाव आहे. त्याचा पहिला उल्लेख ११९३ सालचा. उझ नदी प्रिप्यात नदीला मिळते त्याच्या जवळ, कीवपासून सरळ रेषेत साधारण ९० किलोमीटर उत्तरेला ते वसलं आहे. अणुवीज प्रकल्पाने नाव या गावाचं घेतलं, पण तो गावात नाही. तो पंधराएक किलोमीटर वायव्येला आहे. प्रकल्पाला खेटून १९७० मध्ये कामगारांसाठी नवं शहर उभं केलं, ते प्रिप्यात. पिवळा आकाशपाळणा, गवत वाढलेले चौक, ओस पडलेली शाळा, हे फोटो जवळजवळ नेहमी प्रिप्यातचे असतात आणि खाली ओळ असते ‘चेर्नोबिल शहर’. चेर्नोबिल गाव आजही पुरतं ओस नाही. तिथे पाळीपाळीने काम करणारे कर्मचारी राहतात.

प्रशासनाच्या दृष्टीने चूक आणखी मोठी. प्रिप्यात चेर्नोबिल जिल्ह्याच्या हद्दीने वेढलेलं होतं, पण जिल्ह्याच्या कारभारात नव्हतं. ते थेट प्रांताच्या अखत्यारीतलं शहर होतं. त्यामुळे ‘जिल्ह्यातलं सर्वांत मोठं शहर प्रिप्यात, लोकसंख्या ४९ हजार’ हे वाक्य वाचायला बरोबर वाटलं तरी चूक आहे. चेर्नोबिल गावात तेव्हा साधारण चौदा हजार माणसं होती.

तिसरं शहर स्लावुतिच. १९८६ च्या अपघातानंतर प्रकल्पाच्या कामगारांसाठी ते बांधलं. भूगोलाने ते चेर्निहिव प्रांतात बसतं, कारभाराने कीव प्रांताचं आहे, आणि २०२० पासून विशहोरोद जिल्ह्यात मोजलं जातं. हे वाचून नकाशा चुकलाय असं वाटू शकतं. नकाशा बरोबर आहे. कामगारांची रेल्वे तर २०२२ च्या आक्रमणापर्यंत बेलारुसच्या भूमीतून जात-येत असे. प्रशासकीय सीमा सोयीसाठी किती वाकवता येते, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

‘१९८६ मध्ये जिल्हा संपला’

संपला नाही. स्फोट २६ एप्रिल १९८६ चा. प्रिप्यात २७ एप्रिलला रिकामं केलं, चेर्नोबिल आणि आसपासची गावं मे महिन्यात. जिल्हा मात्र कागदोपत्री १९८८ पर्यंत चालू राहिला. म्हणून १९८७ च्या एखाद्या सरकारी कागदावर ‘चेर्नोबिल जिल्हा’ दिसला तर तो बनावट समजू नका.

आकडे जुळत नाहीत, तेही बरंचसं यामुळेच. १९७९ च्या सोव्हिएत जनगणनेत हा जिल्हा आहे. १९८९ च्या जनगणनेत तो नाही, कारण त्याआधीच तो इव्हान्किवमध्ये गेला होता. स्वतंत्र युक्रेनची जनगणना आजवर एकदाच झाली, डिसेंबर २००१ मध्ये. तिच्यातला इव्हान्किव जिल्हा म्हणजे जुना इव्हान्किव अधिक ओस पडलेला चेर्नोबिल. १९७९ आणि २००१ चे ‘इव्हान्किव’ आकडे शेजारी ठेवून लोकसंख्या वाढली की घटली हे सांगू नका. हद्दच वेगळी आहे. विशहोरोदचंही तेच. २०२० आधी याच नावाचा, पण बराच लहान जिल्हा होता.

प्रतिबंधित क्षेत्र म्हणजे जिल्हा नव्हे

प्रकल्पाभोवती तीस किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ १९८६ मध्ये आखलं ते किरणोत्साराच्या भीतीने, जिल्ह्यांच्या हद्दी बघून नव्हे. पुढे त्या क्षेत्राचा आकार बदलला आणि त्यात पोलिस्के जिल्ह्याचाही भाग आला. सीमेपलीकडे बेलारुसचं स्वतंत्र राखीव क्षेत्र आहे. युक्रेनकडचं क्षेत्र अंदाजे २,६०० चौरस किलोमीटर भरतं, त्याचा कारभार एक सरकारी संस्था बघते, आणि २०१६ मध्ये त्याच्या मोठ्या भागावर जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झालं.

उलटी चूकही होते. इव्हान्किव जिल्हा म्हणजे निर्जन रान असं समजलं जातं. इव्हान्किव गाव क्षेत्राबाहेर आहे आणि तिथे लोक नांदतात. चित्रकार मारिया प्रिमाचेन्को याच जिल्ह्यातल्या बोलोत्न्या गावच्या. इव्हान्किवच्या ज्या संग्रहालयात त्यांची चित्रं होती, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये जळालं. त्यांचं जन्मवर्ष कुठे १९०८, कुठे १९०९ दिसतं. दोन्ही बरोबर. जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे ३० डिसेंबर १९०८, नव्याप्रमाणे १२ जानेवारी १९०९. १९१८ आधीची या भागातली कोणतीही तारीख देताना कोणती दिनदर्शिका वापरली, ते लिहा.

वरचा घटक चुकतो

युक्रेनमध्ये वर ओब्लास्त, खाली रायोन. मराठीत दोन्हींना जिल्हा म्हटलं की ‘कीव जिल्ह्यातला चेर्नोबिल जिल्हा’ असलं काहीतरी तयार होतं. ओब्लास्तला प्रांत म्हणून मोकळे व्हा. आकाराने जुना रायोन आपल्या तालुक्याच्या जवळ जातो, पण २०२० नंतरचे रायोन बरेच मोठे आहेत. तेव्हा देशातले ४९० रायोन १३६ वर आणले, कीव प्रांतातले २५ होते ते ७ झाले. कीव शहर मात्र कीव प्रांतात येत नाही. त्याचे स्वतःचे दहा रायोन आहेत आणि ते शहराचे विभाग आहेत.

‘१९२३ मध्ये कीव प्रांतात चेर्नोबिल जिल्हा स्थापन झाला’ हेही लिहू नका. आजचा कीव प्रांत १९३२ चा. त्याआधी काही वर्षं रायोनच्या वर ओक्रुग नावाचा स्तर होता, तो १९३० मध्ये काढला. त्याहून मागे गेलात तर झारच्या काळात चेर्नोबिल कीव गुबेर्नियातल्या (तेव्हाचा प्रांत) रादोमिश्ल उयेझ्दमध्ये (त्याखालचा जिल्हा) होतं. रादोमिश्ल आज झितोमिर प्रांतात आहे, पण झितोमिर तेव्हा वोलिन गुबेर्नियाचं मुख्य ठिकाण होतं. कुणाच्या पूर्वजांचा शोध घेत असाल तर इथे हमखास वाट चुकते. आणखी मागे, १७९३ पर्यंत, हा भाग पोलंडच्या राजवटीत होता. १७९४ मध्ये पॅरिसमध्ये गिलोटिनखाली गेलेली पोलिश उमराव घराण्यातली रोझालिया लुबोमिर्स्का चेर्नोबिलमध्ये जन्मली होती, तेव्हा तिला ‘रशियन’ म्हणणं चुकीचं.

गाव सापडतच नसेल तर

आधी नावाचं रूप बदलून पाहा. युक्रेनियन आणि रशियन नावांत स्वर वेगळे असतात, त्यामुळे चोर्नोबिल आणि चेर्नोबिल दोन्ही टाका. मग नदी पाहा. पारिशिव गाव जिल्ह्यातलं असूनही प्रिप्यात नदीच्या डाव्या तीरावर आहे, आणि फक्त पश्चिमेकडे शोधणाऱ्याला ते दिसत नाही. १९६० च्या दशकाआधीचा नकाशा हाती असेल तर नदीचं तोंड आजच्यासारखं दिसणार नाही, कारण कीव जलाशय नंतर भरला.

तरीही अडलं तर नाव बदललंय का ते बघा. पोलिस्के गावाचं आधीचं नाव खाब्ने, १९३४ पासून कागानोविचि, १९५७ पासून पोलिस्के. अपघातानंतर ते रिकामं झालं आणि १९९९ मध्ये वस्त्यांच्या यादीतून काढलं गेलं. जिल्ह्याचं कार्यालय क्रास्यातिचिला हलवलं, तरी जिल्ह्याचं नाव पोलिस्केच राहिलं. २०२० मध्ये तो जिल्हाही रद्द झाला आणि आता तिथे पोलिस्के नावाचीच ग्रामसमूह-पातळीची संस्था आहे, मुख्य ठिकाण क्रास्यातिचि. तेव्हा ‘पोलिस्के’ वाचलं की ते मेलेलं गाव, रद्द झालेला जिल्हा की चालू संस्था, हे आधी ठरवा. ‘पोलिस्स्या’ हा दलदलीचा, पाइनच्या जंगलांचा सगळा मोठा प्रदेश त्याहून वेगळा.